वाढदिवसांची मुकी रांग

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खेळाची शिक्षिका म्हणून नोकरीचा पहिला आठवडा कसाबसा रेटला. सातवीत बेचाळीस मुलं आहेत. दोन शाळा एकत्र केल्यामुळे कोणी कोणाला ओळखत नाही. मैदानावर आली की भिंतीला पाठ लावून उभी राहतात. मी शिट्टी वाजवली की एकमेकांकडे बघतात, माझ्याकडे नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कवायत राहू द्या, आधी त्यांची भीड चेपेल असं काही खेळवा. इथे माझीच भीड चेपलेली नाही. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटते.

तूही पंधरा वर्षं हीच नोकरी करत मैदान गाजवलंस. गुडघ्याने दगा देऊन तुला ग्रंथालयात बसवलं नसतं, तर अजूनही गाजवत असतीस. एखादा खेळ कळव.

गुडघ्याचे लाड करतेस तेवढाच लोभ माझ्यावरही असावा.

तुझी,
चिमणी

८ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गुडघ्याची थट्टा पुरे. खेळ सांगते. दोन तुकड्या कर. प्रत्येक तुकडीने वाढदिवसाच्या क्रमाने रांग लावायची, जानेवारी या टोकाला, डिसेंबर त्या. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. हातवारे करा, बोटं नाचवा, काहीही करा. एक जरी बोलला तरी त्याची अख्खी तुकडी हरली. हे कलम विसरू नकोस, सगळी गंमत त्यातच आहे. बुजरी मुलं हातवारे करता करता हसतात, आणि एकदा हसली की आपली झाली.

वेळेवर जेवत जा. पत्राची वाट बघते, तेवढी माया ठेव.

आत्या

१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल तो खेळ घेतला. छान रंगला. एक अगदी अबोल मुलगी आहे, तीही भिंत सोडून आली. थोड्या वेळाने ती छातीवर हात मारू लागली, बोटं हलवू लागली. मुलं हसली, त्यांना वाटलं महिना दाखवतेय. मलाही तेच वाटलं, आत्या. मी टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

तिला दमा आहे. पंप दप्तरात, दप्तर वर्गात, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मुलांच्या आजारांची यादी मी ऑफिसात मागितलीच नव्हती. आता ती धोक्याबाहेर आहे. पण दवाखान्यात श्वास जागेवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? तिने विचारलं, आपली तुकडी हरली का.

तिचे वडील तिचं दप्तर उचलून तिला घरी घेऊन गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. शिट्टी खणात टाकून दिलीय. राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देईन. अशा भाचीवर लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही.

चिमणी

२१ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

ते कलम माझं होतं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आता कोणालाच न सांगितलेलं सांगते. माझा गुडघा तेव्हाही ठणठणीत होता आणि आजही आहे. रस्सीखेच चालू असताना एका मुलीने दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता. ती ओरडत होती, आणि मला वाटलं जोर लावायला ओरडतेय. शिट्टी उशिरा वाजवली. तिची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. त्यानंतर मी मैदानात पाय ठेवला नाही. गुडघ्याचं नाव पुढे केलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. भीती त्याने गेली नाही. वीस वर्षं ती माझ्याबरोबर ग्रंथालयात बसली आहे.

राजीनामा द्यायचा तर दे, मी अडवणार नाही. पण तो खेळ तसाच लंगडा टाकून जाऊ नकोस. मी माझा टाकला. आधी नियम बदल. कोणाचाही हात डोक्यावर गेला की सगळे थांबतील, बोलतील, हार-जीत रद्द. मगच ठरव.

रागावली असलीस तरी लोभ तोडू नकोस.

आत्या

९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते, दोन दिवस. मग राजीनामा पुस्तकात ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे.

ती मुलगी सोमवारी परत आली. तिचे वडील फाटकाबाहेर थांबले होते. आजारांची यादी माझ्या खिशात होती आणि तिचा पंप मैदानातल्या बाकावर. नवा नियम मी तीनदा सांगितला, मुलांकडून वदवून घेतला. मग तिनेच विचारलं, तोच खेळ घ्याल का. नाही म्हणणार होते, पण घेतला.

रांग निम्मी लागली असेल, तेवढ्यात तिचा हात डोक्यावर गेला. शिट्टी तोंडापर्यंत न्यायच्या आत एकेचाळीस मुलं जागच्या जागी थांबली, आणि कोणीतरी पंप घेऊन धावत सुटलं. मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती व्यवस्थित श्वास घेत होती. म्हणाली, बाई, काही झालं नाही, खरंच थांबतात का ते बघायचं होतं.

रागवायला तोंड उघडलं होतं. पण तिला एवढंच म्हटलं, उद्याही बघ.

माझी भीती गेलेली नाही. शनिवारी सकाळी सातवीचा तास असतो. ये. भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस तरी चालेल.

गुडघ्याला आता सोडून दे, आणि त्याच्या वाटणीचा लोभही मलाच दे.

तुझी,
चिमणी