सत्त्याण्णव टक्के

इनामगाव,
रविवार, २९ जून २०२५

आदरणीय नीलमबाई यांना प्रांजलचा नमस्कार.

तुम्ही कशा आहात? दौंडची शाळा आवडली का? तिथं रेल्वेचा आवाज वर्गात येतो म्हणे. पोपटमामा सांगत होता. हे पत्र तोच आणून देईल, त्याला उद्या दौंडला काम आहे. मी फोनच करणार होते. पण आमच्याकडं फोन लावला की सगळं घर भोवती गोळा होतं आणि आजी मधूनच ओरडते, "आगं, बाईंना इचार, जेवल्या का?" म्हणून पत्र.

आम्ही सगळे बरे आहोत. कांदा चाळीत भरून झाला. गाय व्याली, कालवड झाली. मी आता आठवीला हायस्कुलात जाते. तिथं पुस्तकांचं कपाट आहे, पण ज्या सरांकडं किल्ली आहे ते सर रजेवर आहेत. काचेतून नावं तेवढी वाचली.

पत्राला कारण असं काही नाही. म्हणजे आहे, पण ते खाली लिहिते. आधी थोडं विचारायचंय.

तुम्ही ते पुस्तकं भरलेलं यंत्र पहिल्यांदा वर्गात आणलंत तेव्हा म्हस्कू ओरडला होता, "बाई, पाटी!" आणि मग तेच नाव पडलं, आठवतं का? त्या पाटीवरच्या पुस्तकात एक दीपगृहावरची बाई होती. तिचा भाऊ गलबत घेऊन गेलेला असतो. तो परत येतो का हो? आणि वाळवंटात विहीर शोधणाऱ्या बाबांना पाणी लागतं का? आणि ते अस्वलाचं पिल्लू, बर्फ वितळायच्या आत पलीकडं पोचतं का?

तुम्ही म्हणाल, अगं, वाचलीस ना तू ही पुस्तकं? वाचली. सत्त्याण्णव टक्के वाचली.

आता कारण लिहिते. मागच्या आठवड्यात आमच्या सरांनी दौंडच्या वाचनवर्गाची यादी वाचली. दर शनिवारी वर्ग, शिरूर आणि दौंड मिळून वीस मुलं, प्रत्येकाला पाटी. मी पहिल्या बाकावर बसले होते, कारण मला वाटलं नाव घेतलं की लगेच उभं राहायचं. वीस नावं झाली. माझं आलं नाही. मी विचारलं तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्याच बाईंचा शेरा आहे जानेवारीतला. हुशार आहे, पण पुस्तक पूर्ण करत नाही. चिकाटी नाही." मला इतका राग आला! तुमचाच आला बाई, खोटं कशाला सांगू. घरी येऊन मी जेवलेच नाही. मग रडून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की शेऱ्यात खोटं काहीच नाही.

मागच्या जूनमध्ये पाटी माझ्या हातात देताना तुम्ही सांगितलं होतं, की खाली किती टक्के वाचलं ते दिसतं. पुस्तक संपलं की बरोबरची खूण येते. तिसाच्या तीस पुस्तकांवर खूण आली की तुझी पाळी संपली, पाटी पुढच्याकडं. पहिल्याच आठवड्यात माझी चार पुस्तकं झाली. मी बोटांवर मोजलं, तर असं वाचलं की श्रावणातच पाटी जाणार. मला ती द्यायची नव्हती बाई. बाकी काही कारण नाही.

म्हणून पाचव्या पुस्तकाला मी सत्त्याण्णववर थांबले. सहाव्यालाही. अशी सव्वीस पुस्तकं.

थांबणं सोपं नव्हतं, बोट आपोआप पुढं जायचं. मग मी पाटी मिटायचे आणि नदीकडच्या पांढरीच्या, जुन्या वस्तीच्या टेकाडावर जाऊन बसायचे. तुम्ही आम्हाला तिथं नेलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती, चुली होत्या, धान्याचे रांजण होते, आणि मग ती गाव सोडून नक्की कुठं गेली ते कुणाला ठाऊक नाही, असं सांगितलं होतं. संध्याकाळी घोड नदीवर ऊन तिरपं व्हायचं आणि पाणी हळद कालवल्यागत दिसायचं, तेव्हा मला तिथं ती दीपगृहावरची बाई दिसायला लागली. कंदील मांडीवर घेऊन बसलेली. मग विहिरीवाले बाबा आले, त्यांनी उंट बाभळीला बांधला. पिल्लू नदीत पाय बुडवून बसलं. पुस्तकं वाढत गेली तशी टेकाडावर गर्दी वाढत गेली. त्यांच्या मागं ती जुनी माणसंही बसलेली असायची, रांजणांना टेकून. कुणी बोलायचं नाही. मला भीती नाही वाटायची, उलट फार बरं वाटायचं. घरी जाऊ नये असं वाटायचं.

मी त्यांना रोज नवा शेवट सांगायचे. एकदा तर त्या बाईच्या भावाला गलबतासकट आपल्या घोड नदीतून आणला. पण कुणी उठलं नाही. माझे शेवट त्यांना पटत नसावेत.

अजून एक राहिलंय, ते लिहायचं नव्हतं. माझ्या मागं पाळी तेजश्रीची होती. ती रोज विचारायची, "झालं का गं तुझं?" मी म्हणायचे, "न्हाई अजून, लई अवघड पुस्तकं हायेत." ती म्हणायची, "बरं." जूनपासून जानेवारीपर्यंत ती "बरं"च म्हणत होती. मग तुम्ही माझ्याकडनं पाटी काढून तिला दिलीत. आता ती वाचते आणि मला शेवट सांगायला येते, तर मी कानात बोटं घालते. मला तिच्याकडनं ऐकायची लाज वाटते.

मला वर्गात घ्या म्हणून हे लिहिलं नाही. घेतलंत तर आवडेल. खूप आवडेल. पण मला कंटाळा येत नव्हता, एवढं तरी तुम्हाला कळावं.

तुमची,
पुस्तकं अर्धवट सोडणारी
प्रांजल


दौंड,
बुधवार, ९ जुलै २०२५

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

आधी आजींना निरोप दे. म्हणावं, पोपटमामा पत्र देऊन गेले त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. मधल्या सुट्टीत डबा उघडला, पत्र उघडलं, आणि घंटा झाली तेव्हा पोळी तशीच हातात होती.

रेल्वेचा आवाज येतो हे खरं आहे. गाडी जाईपर्यंत शिकवणं थांबवावं लागतं. पोरं खिडकीकडं बघतात आणि मीही बघते. वर्गातला तेवढाच वेळ सगळ्यांचा सारखा जातो.

आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. काय लिहायचं ते माहीत होतं, हात उचलत नव्हता. आता लिहून टाकते. जानेवारीत तुझ्याकडून पाटी घेतली त्या दिवशी मी यादी उघडून बघितली होती. चार पुस्तकांवर खुणा, आणि बाकी सव्वीस सत्त्याण्णववर. एखादं बारावर, एखादं चाळीसवर असतं तर गोष्ट वेगळी होती. कंटाळलेली पोर सव्वीस वेळा मोजून एकाच जागी थांबत नाही. आणि अगं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पण संध्याकाळी पाचच्या आत अहवाल पाठवायचा होता. तू समोर मैदानात लंगडी खेळत होतीस, मला खिडकीतून दिसत होतीस. हाक मारून विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी हाक मारली नाही. "चिकाटी नाही" असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

आणि तो नियम! सगळ्यांत भरभर वाचणाऱ्या पोरीच्या हातून सगळ्यांत आधी पुस्तकं काढून घ्यायची. असला नियम मी केला, आणि वर स्वतःला मोठी शहाणी समजत होते. तुझं पत्र वाचून माझी मलाच चीड आली.

सोमवारी वाचनवर्गाच्या साहेबांकडं गेले. म्हटलं, प्रांजलचा शेरा चुकीचा आहे. ते म्हणाले, "अहो बाई, शेरा तुमचाच आहे की." मी म्हटलं, "म्हणून तर मी आलेय." ते म्हणाले, यादी लागली, वीस झाले, आता काही होत नाही. मग मी तुझं पत्र पुढं ठेवलं. तुला न विचारता दाखवलं, त्याबद्दल माझ्यावर रागाव. त्यांनी चष्मा पुसला, टेकाडाचं पान दोनदा वाचलं आणि मला विचारतात कसे, "मग त्या अस्वलाचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, ते पोरीला वर्गात बसवा आणि तिलाच विचारा. मग म्हणाले, "बाई, आधीचा शेरा चौकशी न करता लिहिला असं लेखी द्या." दिलं. आनंदानं दिलं. एकविसावं नाव तुझं आहे.

शनिवारी, १९ तारखेला सकाळी दहाला वर्ग. तुझ्या आण्णांना न्हावऱ्यापर्यंत गाडीवर सोडायला सांग, पुढं एस.टी. मी दौंडच्या स्टँडवर उभी असेन. इथं पाटी वर्षभर तुझीच राहील, घरी न्यायची. पुस्तकं संपली की नवी येतात. पाळी नाही.

तेजश्रीचं मात्र चुकलंच तुझं. ते मी पुसून टाकणार नाही. तिला तू स्वतः सांगायचं, सगळं, कानातली बोटं काढून. ती कदाचित "बरं" म्हणेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तेही सोस.

परवा दुपारी पोरं चित्रं काढत होती आणि मला खुर्चीतच डुलकी लागली. तर काय, मी पांढरीच्या टेकाडावर. ऊन तिरपं झालेलं, नदी तू लिहिलीस तशी पिवळी. तुझी सगळी माणसं बसलेली, त्यांच्यात मीही बसलेली, मांडीवर तो अहवाल घेऊन. शेजारच्या बाईच्या कंदिलाची ऊब माझ्या हाताला लागत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि जरा सरकून जागा दिली. गाडीच्या शिट्टीनं जाग आली तेव्हा मला खरंच उठवत नव्हतं.

तू विचारलेले तिन्ही शेवट मला ठाऊक आहेत. सांगणार नाही. तुझ्या पाटीवर सगळ्यांत आधी तीच सव्वीस पुस्तकं घालून ठेवलीत. घरी ने, टेकाडावर जा, आणि शेवटची पानं मोठ्यानं वाच, म्हणजे मागं बसलेल्यांनाही ऐकू जाईल. वर्ष झालं गं, बिचारी ताटकळलीत. आता त्यांना घरी जाऊ दे.

सगळी उठून गेली आणि तरी तिथं कुणी बसलेलं दिसलं, तर ती मी असेन. मला "उठा" म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
तुला अर्धवट वाचणारी
नीलमबाई