आधी बूट, मग धाव

गुरुवार, २ जानेवारी १९७५

ऑफिसात सर्क्युलर फिरलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पार्क मैदानावर स्पोर्ट्स. चाळिशीपुढच्या स्टाफसाठी खास दौड, मैदानाला दोन फेऱ्या. बक्षीस साहेबांच्या हस्ते.

वाचता वाचता माझ्या तोंडून सहज निघून गेलं की मोहोळच्या शाळेत मी पळण्यात तिसरा आलो होतो. अकौंट्सच्या चनबसप्पानं विचारलं, पळणारे किती होते? अकौंट्सवाल्यांना असले प्रश्न विचारायची सवयच असते.

हा चनबसप्पा मैंदर्गी गावचा. खुर्ची कितीही मागं सरकवली तरी पोट टेबलाला टेकतं. तोही नाव देतोय म्हणे. मी म्हटलं, जरूर द्या, शर्यतीत कुणीतरी मागं लागतंच. सगळे हसले. तोही हसला. बिचाऱ्याला विनोद कळत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पळणे. तूप बंद.

शुक्रवार, ३ जानेवारी

पहाटे उठलो. म्हणजे जाग आली. चपला घालून पळणं अशास्त्रीय आहे, हे अंथरुणातच लक्षात आलं. अनवाणी पळावं तर भवानी पेठेतल्या रस्त्यावर काय पडलेलं नसतं? तेव्हा आधी बूट, मग धाव. क्रम ठरला की मन शांत होतं. परत झोप लागली.

बायकोला, सोजरला, सांगितलं तर म्हणाली, "कोंबडं काय बूट घालून पळतंय व्हय?" मी म्हटलं, कोंबडं शर्यतीत उतरत नाही. यावर तिनं भातावर तूप वाढून टाकलं. वाढलेलं टाकू नये. खाल्लं.

रविवार, ५ जानेवारी

नव्या पेठेत राजेसाबच्या दुकानात गेलो. फक्त खेळाचे बूट. चपला मागितल्या तर तो शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवतो. असं स्पेशल दुकान अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

त्यानं मला बाकावर बसवलं, लाकडी मापावर पाय ठेवायला लावला, पट्टी सरकवली आणि म्हणाला, "आठ नंबर, साब." मी म्हटलं, सहा. लग्नात मी सहा नंबरचाच बूट घातला होता. वरातीत चालता येईना म्हणून चौघांनी उचलून घोड्यावर बसवलं ते खरं, पण नवरदेव घोड्यावरच शोभतो. राजेसाब म्हणाला, "लगीन होऊन जमाना झाला साब, पाँव बी पसरतो की." मी म्हटलं, माणसाचं पोट वाढतं, पगार वाढतो, पाय कसा वाढेल? सहाच दाखवा.

त्यानं दाखवले. पांढरे कॅनव्हासचे, रबरी सोल. अंगठा आत जरा घडी घालून बसला. पण बुटानं पाय धरून ठेवला पाहिजे. ढिला बूट म्हणजे ढिला माणूस.

तरी लगेच घेतले नाहीत. कम्फर्ट ही घाईची गोष्ट नव्हे.

बुधवार, ८ जानेवारी

ऑफिस सुटल्यावर परत राजेसाबकडं. जाड सोल, पातळ सोल, उंच टाच, सपाट टाच, सगळं घालून बघितलं. बाकापासून दारापर्यंत चालून बघितलं. आठ नंबरही घातला, केवळ तुलनेसाठी. पाय आत मोकळा बसतो, काहीच टोचत नाही. असल्या बुटात माणसाला पळायची आठवण कशी राहणार?

राजेसाबनं चहा मागवला.

पळणं अजून सुरू नाही. पाया पक्का झाल्याशिवाय भिंत उभारू नये.

शनिवार, ११ जानेवारी

आज राजेसाब म्हणाला, "साब, जरा नमाजला जाऊन येतो, दुकान बघा." तेवढ्यात एक ड्रिलमास्तर आले. मी त्यांना बाकावर बसवलं, माप घेतलं, पट्टी सरकवली. समजावून सांगितलं की अंगठ्यापुढं बोटभर जागा सुटली पाहिजे, टाच वर-खाली होता कामा नये आणि बूट नेहमी संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय फुगतो. हे सगळं राजेसाबकडून ऐकलेलं, पण माझ्या तोंडून जास्त पटण्यासारखं वाटलं. मास्तर मला शेठ म्हणाले. एक जोड विकला.

बोटभर जागेचा नियम अर्थात सर्वसाधारण पायांसाठी. माझी केस वेगळी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गुळाच्या पोळीवर तूप न घेणं अपशकून मानतात. तीन पोळ्या.

संध्याकाळी सोजरबरोबर गड्ड्याच्या जत्रेत. गर्दी भयंकर. सोजर पुढं, मी मागं. पाळण्यांपाशी मला जरा दम लागला. धुळीमुळं. सोजर थांबून म्हणाली, "तुमी पळणार हाय का माझा पदर धरून चालणार? ठरवा की एकदा." मी म्हटलं, रेसचा घोडा बाजारात पळवत नाहीत. ती म्हणाली, "घोडं कुटं हाय?" आणि बत्तासे घ्यायला गेली.

शनिवार, १८ जानेवारी

आजचा दिवस महत्त्वाचा.

राजेसाबच्या दुकानात बसलो होतो (आता माझ्यासाठी वेगळी खुर्ची असते) तर दारात चनबसप्पा. मला बघून चकित झाला. मी म्हटलं, या, बसा, या विषयात थोडा अभ्यास झालाय माझा. माप घेतलं. सात आलं.

आणि मला एकदम सुचलं. मी नऊ नंबरचा जोड काढला. म्हटलं, चनबसप्पा, पळताना पाय सुजतो, तुमच्या वजनाला तर जास्तच, मोठाच घ्या. त्यानं घातले. चालताना फटक फटक आवाज येत होता. म्हणाला, "जरा सैल वाटतंय की, जोतीरामराव." मी म्हटलं, सुरुवातीला वाटतं. तो "हौदु, हौदु" करत मान डोलवत राहिला. कानडी माणूस हौदु म्हणाला की त्याला पटलं असं धरायचं. बूट काखेत मारून गेला.

राजेसाब कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "साब, तुमी लई खतरनाक सेल्समन हाय." कौतुक कुणाचंही असो, बरं वाटतं.

मग मीही माझे सहा नंबर घेतले. स्पर्धेत थोडी युक्ती चालते. शिवाय मैंदर्गीच्या माणसाला शहरातला कप घेऊन करायचंय काय?

शनिवार, २५ जानेवारी

बूट घालून घरात फिरलो. नवा बूट पायात रुळवावा लागतो. खिडकीपासून चुलीपर्यंत गेलो आणि पाटावर बसलो. सोजरनं विचारलं, "तोंड का असं केलंय?" मी म्हटलं, कॉन्सन्ट्रेशन.

रस्त्यावर अजून पळालेलो नाही. सगळी ताकद शिल्लक आहे. बाकीच्यांनी महिनाभर वापरून संपवली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला उभा असतानाच पायांना मुंग्या आल्या. राष्ट्रगीत चालू असताना हलता येत नाही.

शिट्टी झाली. पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांच्या पुढं होतो. हे इथं लिहून ठेवलं पाहिजे, कारण बाहेर कुणी बोलत नाही.

मग डावा अंगठा. मग उजवा. मग मी चुन्याच्या रेषेवर बसलो.

चनबसप्पा मागून आला तो माझ्यापाशी थांबला. पोट हलत होतं, पण पाय कसे अगदी हलके पडत होते. "काय झालं ओ, जोतीरामराव?" म्हणून वाकला आणि माझा बूट ओढायला लागला. डावा निघाला. उजवा निघेना. मी म्हटलं, जा, पळा तुम्ही. तो गेला. एवढं थांबूनसुद्धा पहिला आला. बाकीचे स्पर्धक काय दर्जाचे होते ते यावरून कळतं.

बक्षीस घेतल्यावर चनबसप्पा माईकपाशी गेला. म्हणाला, "हा कप माझा नाही. जोतीरामरावांनी स्वतःच्या हातानं माझं माप घेतलं. स्वतः स्पर्धेत असून मला बूट निवडून दिले. असा माणूस आपल्या ऑफिसात आहे!" टाळ्या. साहेबांनी मला वर बोलावलं. एक पाय अनवाणी, एक बुटात, असा मी स्टेजवर चढलो. चनबसप्पानं मिठी मारली. चेहरा अगदी गंभीर. भोळा माणूस. मला क्षणभर कसंतरीच झालं. अंगठ्यामुळं असेल.

उजवा बूट घरी आल्यावर सोजरनं पाय भिंतीला लावून ओढून काढला.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी ऑफिसला जाताना लंगडत राजेसाबकडं गेलो. बूट बदलून मागितले. तो म्हणाला, मैदान बघितलेला बूट परत घेत नाही.

मी सहज म्हटलं, चनबसप्पा नऊ नंबर घालून पळाला कसा कुणास ठाऊक. यावर राजेसाब इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. म्हणाला, "साब, त्या दिवशी तुमी घरी गेले आणि चनबसप्पासाब लगेच परत आले. नऊ ठेवले, सात घेतले. आमी दोघं लई हसलो." आणि म्हणे, जाताना चनबसप्पा बजावून गेला होता, "जोतीरामरावांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे स्टेजवर ते सगळं तो माहीत असून बोलला. एवढ्या लोकांपुढं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

ऑफिसात पोचेपर्यंत विचार केला. सात नंबर हे माप मीच काढलं होतं. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या बूट मीच निवडून दिले. भाषण बरोबरच होतं.

ऑफिसात मात्र दिवसभर अकौंट्सकडं बघितलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

अंगठ्याचं नख काळं पडलंय. डॉक्टर म्हणतात, आपोआप पडेल.

माझे बूट कोपऱ्यात पडले होते. टाकून द्यायच्यापरीस म्हणून सोजरनं बुधवारी पायात घातले. तिला बसले. नेसूचं लुगडं आणि खाली पांढरे बूट. शेजारणी हसल्या. ती म्हणाली, "हसा की. लई हलकं वाटतंय बगा." तेव्हापासून रोज पहाटे ती तलावाकडं फिरायला जाते. तिथं चनबसप्पा आणि त्याची बायको अक्कम्माही येतात म्हणे. तिघांचं चांगलं जमलंय.

आज पहाटे निघताना तिनं निरोप सांगितला. "चनबसप्पा म्हणत होते, जोतीरामरावास्नी बी आणा. बूट नगो, चपला चालत्याल. हळूच जाऊ."

मी पांघरुणातूनच म्हटलं, थांब, येतो.

त्या बुटांचा पायऱ्यांवर आवाज होत नाही. त्यामुळं ती थांबली की गेली ते कळेना. थोड्या वेळानं उठून बघितलं.

गेली होती.