मुराळी जेवून परत गेला

॥ श्री ॥

शहापूर, ता. २ डिसेंबर १९३८

ति. आजीस कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

तू धाडलेले पोहे मिळाले. निम्मे आमच्या हेडमास्तरांनी खाल्ले. त्यांनी तुझी तब्येत विचारली आहे, म्हणजे आणखी पाठव.

सोबत एक जुनी, गाजलेली कादंबरी पाठवतो. वाचनालयात हाताळून तिची पानं मऊ झाली आहेत. तीत द्वारका नावाची सून सासरी आजारी पडून मरते. आम्हा मास्तरांच्या वाचनमंडळात तिच्या मृत्यूचा खटला उभा करणार आहोत. हेडमास्तर न्यायाधीश, मी फिर्यादीचा वकील. आरोपी कोणाला करायचं यावर भांडणं चालू आहेत. सासूनं औषध लपवलं, नवरा तमाशात दंग होता, वैद्य उशिरा आला. माझा कल सासूकडे आहे. तूही सासू होतीस, तेव्हा तुझं मत मोलाचं.

लोभ आहेच, पोह्यांबरोबर तोही वाढावा.

तुझा कमळाकर

॥ श्री ॥

धसई, ता. ८ डिसेंबर

चि. कमळाकरास सकुबाईचा आशीर्वाद.

पुस्तक वाचलं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, त्यामुळं तुझ्या मंडळीसारखी माझी पानं गळत नायत. सासू वाईट, ते साऱ्या गावाला ठाऊक. नवरा नुसता कुंकवाचा धनी. वैद्याला बोलावलंच उशिरा, तो काय करील? पण मधेच तिचा भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो, ते तू वाचलंस की झोपेत उलटलंस? पोरगी दाराची चौकट धरून उभी, गालांची हाडं वर आलेली. सासू म्हणते, सण होऊ दे, मग पाठवू. हा पाटावर बसून बासुंदी ओरपतो, विडा खातो आणि रिकामी गाडी जुंपून चालता होतो. बासुंदीचीच दोन पानं! पुढं ती मेल्यावर सगळ्यांत जास्ती तोच रडतो. रडतो छान. म्हणून तुमी त्याला साक्षीदार करणार असाल. मी असते तर पिंजऱ्यात त्यालाच उभा केला असता. ज्यानं हे लिहिलं त्याला विचार, मुराळ्याला का सोडलास म्हणून.

आता घरची खबर. आपली गोदू सासरी वैशाखऱ्याला तापानं फणफणते आहे. तापातही तिला भाताच्या झोडणीला उभी करतात. मी शेजारच्या जैतूला गाडी देऊन पाठवला होता, विहीणबाईनं त्याला परत लावला. तिचा भाऊ आला तरच पाठवू, म्हणाली. तुमच्या आईबापामागं भाऊ म्हणून तिला तू एकटा. निघ.

आजीवर लोभ नसला तरी चालेल, बहिणीवर असू दे.

सकुबाई

॥ श्री ॥

शहापूर, ता. १२ डिसेंबर

ति. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, द्वारका खरी नव्हे, कागदावरची आहे. तरी तिच्या भावावर तू फार कडक. परक्या घरी गेलेला पाहुणा काय करणार? आणि समज, त्यानं तिला आणली असती आणि तरी ती गेली असती, तर? मग दोष कोणाचा?

गोदूचं वाचून जीव टांगणीला लागला. पण खटला रविवारी आहे आणि माझ्यावाचून अडेल. तो आटोपला की लगेच निघतो. तिच्या सासूबाईंना तसं कळवून ठेव. रागावू नको, लोभ असू दे.

कमळाकर

॥ श्री ॥

धसई, ता. १४ डिसेंबर

चि. कमळाकरास आशीर्वाद, तो शिल्लक आहे तोवर.

आणली असती आणि तरी गेली असती, तर ती तापानं गेली असती. दोष तापाचा. विचारलंस ते सांगितलं.

पुस्तकातली सासू म्हणते, सण होऊ दे. आमची विहीण म्हणते, झोडणी होऊ दे. तू म्हणतोस, खटला होऊ दे. तिघांना एकाच बाकावर बसवीन. ती द्वारका मेलेलीच आहे, रविवारपर्यंत कुठं जात नाय. गोदूचा तसा भरवसा नाय.

गेलास की विहीण पाट मांडील. मुराळ्याला जेवल्याबिगर सोडायची रीत नाय. मुराळी जेवला की त्यांचा मान राहिला, मग बहीण पाठवायची की नाय ते त्यांच्या मर्जीवर. काय करायचं ते तुझं तू बघ.

हे पत्र जैतूच्या हाती देते. गाडी त्याच्याबरोबरच आहे. पोहे पाठवत नाय.

सकुबाई

॥ श्री ॥

शहापूर, ता. २३ डिसेंबर

ति. आजीस शि. सा. न. वि. वि.

गोदू इथं माझ्याकडे आहे.

जैतूच्याच गाडीतून गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तांदळाची खीर. वास अजून नाकात आहे. सासूबाई म्हणाल्या, झोडणी झाली की पाठवू, तुम्ही आधी हात धुवा. मी म्हटलं, गोदू गाडीत बसल्याशिवाय जेवणार नाही. ही कुठली रीत, म्हणाल्या. मी ओट्याच्या पायरीवर बसलो, पाणीसुद्धा घेतलं नाही. मुराळी उपाशी बसलाय हे ऐकून बायका कुडापाशी जमल्या. एकीनं मोठ्यानं विचारलं, गो, खीर खारट झाली काय? सासूबाई आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. शेवटी सासरेच येऊन म्हणाले, न्या बाबा, पण आमच्या दारात असे बसू नका, गाव तोंडात शेण घालतंय. मग मला थांबवेना, खीर तशीच राहिली. गोदूला उचलून गाडीत ठेवलं. किती हलकी झाली आहे ते उचलताना कळलं.

इथल्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला, कोयनेल दिलं. काल ताप उतरला. पेज प्याली आणि पेज पांचट आहे म्हणाली.

खटला माझ्यावाचून झाला. सासू दोषी ठरली, टाळ्या पडल्या. द्वारकेचा भाऊ साक्षीला होता, छान रडला म्हणे.

आशीर्वाद शिल्लक असेल तर दोघांना पुरव.

कमळाकर

॥ श्री ॥

धसई, ता. २७ डिसेंबर

चि. कमळाकर आणि चि. गोदू यांना आशीर्वाद, पुरेल तेवढा.

पेज पांचट म्हणाली म्हणजे जगली. मीठ घालत जा. सासू दोषी तर दोषी, ती कागदाची, तिचं काय जातंय! इथं विहीणबाईनं निरोप धाडलाय, मुराळी आमची खीर टाकून गेला, हा आमचा अपमान. खिरीचं मलाही वाईट वाटतं, त्यांच्या म्हशीचं दूध घट्ट असतं. गोदूनं परत जायचं की नाय, ते ती बरी झाली की तिलाच विचारू. आपण कुणी मधे बोलायचं नाय.

पुस्तक ठेवून घेते. बासुंदीची दोन पानं तेवढी चांगली जमली आहेत.

तिला बसवेल तेव्हा जैतूची गाडी पाठवते. खीर करीन, पाट दोन मांडीन. एकटा आलास तर दोन्ही उचलीन.

आजी