फाटकावरची पाणपोई

मुकादम, आज माझ्या जावयाला पाणपोईवर एकट्याला बसवून मी घरी आलो आहे. ऊन अजून उतरलेलं नाही. पोरगी समोर सुपात ज्वारी निवडते आहे. निवडून झालेलीच ज्वारी तिने पुन्हा सुपात घेतली, ते मी पाहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला लिहिण्यात शहाणपण नाही हे मला कळतं. पण हातांना काहीतरी काम हवं आहे, आणि पायांना मी उंबऱ्याबाहेर जायची मनाई केली आहे.

जागा तीच आहे. रेल्वे फाटकाच्या अलीकडे, लिंबाखाली, वाळूत रुतवलेले रांजण आणि वर तट्ट्याची सावली. फाटकापलीकडे नाल्याच्या बाभळींत दारूची भट्टी, तीही तीच. वारा तिकडून आला की मोहाचा आंबूस वास रांजणापर्यंत येतो. वाशीमच्या बाजारातून परतणारे, दुष्काळी कामावर खडी फोडून सुटलेले, सगळे याच वाटेने येतात, आणि त्यातले कितीतरी सरळ बाभळींत शिरतात. तुम्ही इथे पहिल्यांदा रांजण मांडले तेव्हा लोक म्हणाले, मुकादमाला ऊन लागलं. तुम्ही म्हणालात, “पेणारा जेथून जाते तेथीच बसा लागते बावा. विहारापाशी बसून काय करू, तिथं तं सारे शुद्धीतच येतात.”

मला तुम्ही हाती धरलंत तो दिवस मला विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. सकाळी तुमच्या टोळीचं रुळावर काम चालू असताना माझ्या हातून लोखंडी सब्बल सुटली आणि जोडीदाराच्या पावलाला चाटून गेली. तुम्ही मला सगळ्यांदेखत शिवी दिलीत, वर तक्रार मात्र केली नाहीत. मला घरी नेलंत. तुमच्या चुलीपुढे मी बसलो आहे, अंग थरथरतं आहे, काकू ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज वाटीत ओतते आहे आणि वाटी माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवते आहे, सांडली तर मला लाज वाटू नये म्हणून. मी रडत म्हणालो, मुकादम, उद्या विहारात उभा राहतो, सगळ्यांसमोर पाचवं शील घेतो, पुन्हा थेंब घेणार नाही. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, “तसं सांगणारे लय पाह्यले. शील सकायी मनातल्या मनात घे. मले एवढंच सांग, उद्या रांजण भराचे हायेत, येतं का?”

मी गेलो. दोघांनी मिळून रांजण भरले, आणि तुम्ही ओगराळं माझ्या हातात देऊन निघून गेलात. पाणी ओतायचो ते ओंजळीपेक्षा धोतरावर जास्त पडायचं. माझ्याबरोबर रोज प्यायला बसणारा एक जण फाटकातून आला, थांबला, आणि हसायलाच लागला. “अबे, काल तं माया गिलासातली पेत व्हता, आज मलेच पाणी पाजून राह्यला! चाल, कायले सोंग करतं?” मी उठलो होतो, मुकादम. खरंच उठलो होतो. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्याने विचारलं, “कोनाचं पाणी व्हय हे?” त्या प्रश्नाचा अर्थ आपल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. तुम्ही मला त्याचं उत्तर रांजण भरतानाच शिकवून ठेवलं होतं. मी म्हणालो, “विहिरीचं.” म्हाताऱ्याने ओंजळ पुढे केली नाही. मग त्या हसणाऱ्यानेच त्याच्यापुढे होऊन ओंजळ धरली आणि म्हणाला, “पे रे बुढ्या. भट्टीवर कोनी जात पुसत नाई, येथीच काहून पुसतं?” म्हातारा प्याला. त्याला पाणी घालता घालता माझं भट्टीवर जायचं राहून गेलं.

संध्याकाळी मी तुमच्यावर चिडलो. मला एकट्याला टाकून काहून गेले, म्हणून. तुम्ही विडी विझवलीत. “मी असतो तं तू मायासाठी बसला असता. मी किती दिवस पुरतो?”

तुमचा दुसरा एक नियम होता, तो आज मोडला आहे. दारू सोडवायला घरच्या माणसाला आपण धरायचं नाही. तिथे भेव आपल्याआधी जाऊन बसते, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या स्वतःच्या भावाजवळ तुम्ही दुसऱ्याला बसवलं होतंत. मीही असं कोणाला तरी सांगितलं असतं. पण तुमच्या हाताखाली सुटलेले आता राहिले कोण? काही गेले, एक जण परत बाभळींत गेला. पोरीने इंझोरीकडच्या सासरहून नवऱ्याला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा अंगणात मी एकटाच उभा होतो. तो ओरडला, त्याला भिंतीवर किडे दिसले, त्याने पोरीला ओळखलं नाही. जावई म्हणून आम्ही ज्याला पाटावर बसवलं, त्याचं तोंड मी माझ्या उपरण्याने पुसलं. तो बरा झाला, म्हणजे चालायला लागला. गेले काही दिवस आम्ही दोघं मिळून पाणपोईवर बसतो. मी त्याच्याकडे बघत राहतो, तो माझ्या बघण्याकडे. वारा फिरला की दोघांच्याही नाकपुड्या हलतात आणि दोघंही वेगळीकडे बघतो.

आज तो म्हणाला, “मामाजी, तुमी घरी जा बरं. तुमी असे पाह्यता, मले चोर असल्यावानी वाटते.”

“एकटा राहशीन?”

“तुमाले कसं वाटते?”

मी ओगराळं त्याच्या हातात दिलं आणि फाटकाकडे न बघता निघालो. घरी आलो तर पोरगी दारातच. “बाबा, त्याहिले तिथं एकटंच ठेवून आले? भट्टीपाशी?” मी हो म्हटलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने सूप घेतलं.

मी सकाळी वंदना म्हणतो तेव्हा पाचव्या शीलापाशी माझा आवाज अजून हळू होतो. इतक्या वर्षांत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असतं. फाटक पडल्याचा आवाज मघाशी आला, गाडी गेली. म्हणजे खडीवाले सुटले असतील, आता ते त्याच्यासमोरून जात असतील, त्यातला कोणी थांबून हसत असेल.

मुकादम, हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहितो. पोरीला मी सांगितलं, की त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो म्हणून मी त्याला बघायला जात नाही. ते खरं नाही. मी गेलो आणि तो रांजणापाशी दिसला नाही, तर मी त्याला शोधायला बाभळींत शिरेन. आणि आत शिरल्यावर मी त्याला फक्त शोधूनच परत येईन, याची मला खात्री नाही.