डोळ्यांखालची सावली

अण्णा,

तुम्ही काढलेला माझा फोटो काल भिंतीवर लागला. दादाची नात सुट्टीला आली होती, तिला तो जुन्या खोक्यात सापडला. बाजारातून तिने तो मोठा करून आणला, चौकट घातली आणि नेमका माझ्या खाटेसमोर टांगला. "आत्याआजी, काय चेहरा आहे हा! डोळ्यांखाली केवढी सावली, हात मांडीवर असे घट्ट धरलेले. एकोणिसाव्या वर्षी एवढं दुःख कुठून आणलंत?" पोर कॉलेजात शिकते, तिला सगळ्यात अर्थ दिसतो. मी विषय बदलला. पण ती गेल्यापासून तो फोटो आणि मी समोरासमोर आहोत, कूस बदलली तरी पाठीवर तो असतोच. तेव्हा म्हटलं, तुमच्याशी एकदा बोलून टाकावं.

आपला स्टुडिओ म्हणजे पालघर स्टेशनाजवळची एक लांबट खोली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना आणि आपल्या मुलखात कुणी न पाहिलेला एक तलाव. आई गेली, दादा नोकरीला मुंबईला गेला, आणि चौदाव्या वर्षी तुम्ही मला आतल्या पडद्याआड उजेडाच्या पेटीसमोर बसवलंत. खाली आरसा, वर काच, काचेवर निगेटिव्ह. तिथे सगळं उलटं. चेहऱ्यावरची सुरकुती घालवायची तर टोकदार पेन्सिल हलकेच फिरवायची, छापताना ती जागा उजळते. एखादी जागा काळी करायची तर पात्याने खरवडायचं. "पेन्सिल पुसता येते, पात्याचं पुसता येत नाही," ही तुमची ताकीद. एका नवरदेवाच्या विरळ भुवया मी पात्याने दाट करायला गेले, तर तुम्ही हातावर फूटपट्टी मारलीत. माणसाचा चेहरा आहे, गवत नाही, म्हणालात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता, याचा आज लिहितानाही रागच येतो.

त्या वर्षांत तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं आणि सातारा, सांगली, जळगावची मुलं आपल्या खुर्चीत येऊन बसू लागली. कुणाला गेटपासासाठी फोटो हवा, कुणाला गावी आईला पाठवायला. तुमच्याकडे एकच कोट होता आणि तो सगळ्यांना बसायचा, कारण मागून तुम्ही टाचण्या लावायचात. मला ते फोटो आवडत नसत. कोट चढला, हनुवटी वर झाली की चांगला हसताखेळता माणूस परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसल्यासारखा दिसे. पाठीमागे जिना असून कुणालाच तो चढता येणार नाही, असं मला वाटायचं. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "फोटो भिंतीवर लावायचा असतो, त्याच्याशी गप्पा मारायच्या नसतात."

एकच फोटो मला मनापासून आवडला. किनाऱ्यावरची एक मासळीवाली आली होती. मी तिच्या कपाळावरच्या सगळ्या रेघा घालवल्या. फोटो हातात घेऊन ती ओरडलीच. "ही कोन हाय? मी नाय ही. उन्हात मासली सुकवून ह्या रेघा पडल्या, त्या कुटं टाकल्या तुमी? माजी पोरा मना वलखनार नाय."

"बाई, सुंदर केलंय तुम्हाला," तुम्ही हसून म्हणालात.

"मी सुंदर व्हाया नाय आले, फोटो काडाया आले."

तुम्ही निमूटपणे टर्पेंटाइनने पेन्सिल पुसलीत आणि दुसरी प्रत काढलीत. त्या फोटोतली बाई कुणाच्या परवानगीने बसलेली नव्हती. मी त्याची एक प्रत चोरून ठेवली होती.

मग लग्नं जुळवणारे उमरोळी गावचे मास्तर एकदा म्हणाले, "अहो, गावच्या पोरींचे फोटो काढता, घरची विसरलात काय?" तुम्ही मला त्याच खुर्चीत बसवलंत. दुसऱ्यांच्या मुलींना हनुवटी किंचित खाली, मान जरा डावीकडे, असं दहादा सांगणारे तुम्ही, मला एवढंच म्हणालात, "हसू नकोस." निगेटिव्ह मला दिलं नाहीत. स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतःचा हात चालत नाही, म्हणालात. मला ते पटलं. दोन ठिकाणांहून पत्रिका आणि फोटो परत आले. तुम्ही म्हणालात, योग नव्हता.

तिसरं स्थळ सांगलीकडचं, तारापूरच्या कामावर नकाशे काढणारा मुलगा. त्याने आपल्याकडेच फोटो काढला होता. हनुवटीवर जुन्या जखमेची खूण होती, ती काढू का असं तुम्ही विचारलंत, तर तो म्हणाला, "राहू द्या, आई त्यावरूनच ओळखते." मी पडद्याआड होते, त्याने मला पाहिलं नव्हतं. मी मात्र तीन दिवस त्याचा चेहरा पेटीवर ठेवून होते, खरं तर काम अर्ध्या तासाचं होतं. मास्तरांनी हेच स्थळ आणलं तेव्हा मला माझं नशीब खरं वाटेना. फोटो त्याच्या आईकडे गेला. उत्तर आलं, मुलगी प्रकृतीने बरी दिसत नाही.

त्या दुपारी मी तुमचा कप्पा उघडला आणि माझं निगेटिव्ह उजेडावर धरलं. दोन्ही डोळ्यांखाली पात्याने खरवडलेल्या चंद्रकोरी, गालांच्या बाजूलाही. नाजूक काम, पण कडा थरथरलेल्या. तुमच्या डोळ्यांवर सारा येऊन नजर अंधुक होऊ लागली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. दोन वर्षं दुकानातली एकूणएक पेन्सिल मीच चालवत होते. मी सासरी गेले असते तर दुकानाला कुलूप लागलं असतं. साऱ्या तालुक्यातल्या पोरी उजळ करणारा माणूस घरच्या पोरीला काळवंडून पाठवतो! आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाकडे? इतक्यात तुम्ही बाहेरून विचारलंत, "पाम गावच्या जोडप्याचं झालं का?" मी म्हटलं, "होतंय," आणि त्या नवऱ्या मुलीचे गाल उजळत बसले.

पुढे तुमचे डोळे गेले. अठरा वर्षं मी तुम्हाला जेवायला वाढलं, अंघोळीला पाणी काढलं, आणि मनात रोज तुमच्यावर खटला चालवला. शेवटी शेवटी तुम्ही माझा चेहरा चाचपायचात. अंगठा डोळ्यांखाली आला की थांबायचा. तुम्ही माफी मागाल म्हणून मी वाट पाहायचे. तुम्ही मागितली नाहीत आणि मी सुटले नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुम्ही हयात असतात तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळू नये असं मला अजून वाटतं. त्या नकारानंतर पंधरा दिवसांनी त्याच्या आईचं कार्ड आलं. "मुलाचं मन आहे. मुलीचा दुसरा फोटो असल्यास पाठवावा." तुम्ही उमरोळीला गेला होतात. कॅमेरा होता, उजेड होता, शेजारची बाई बटण दाबायला तयार होती. मी केस विंचरून खुर्चीत बसलेसुद्धा. मग मनात आलं, खरा चेहरा पाहूनही त्यांनी नाही म्हटलं तर? तर तुमच्यावर रागवायलाही जागा उरणार नव्हती. मी उठले आणि ते कार्ड चुलीत घातलं. संध्याकाळी तुम्ही येऊन विचारलंत, "टपाल काही?" मी म्हटलं, "काही नाही, अण्णा."