चोपड्याच्या पानावर दादाच्या खोल्या

चोपडे, १२ ऑगस्ट

माझ्या चुलतभावाची, उदयदादाची जाहिरात आज पुन्हा काढून टाकली. 

आमच्या गावांच्या विकीवर कुणीही लिहू शकतं, म्हणून कॅसिनोच्या जाहिराती येऊन पडायच्या. अडसर म्हणून मी लिहिण्याआधी उत्तर द्यायचा एक प्रश्न ठेवला: सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत पाव घेऊन येतो, तो कोण? पोदेर! जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांना हे कुठून कळणार? सगळं थांबलं. पण चुलतभावाला पोदेर ठाऊक असणारच, हे मला कसं सुचलं नाही? नदीच्या माहितीखाली त्याने आपल्या भाड्याच्या खोल्यांची जाहिरात लिहिली; मी काढली, त्याने परत टाकली.

आज पुन्हा काढल्याचं कळताच तो ओरडला, "अरे, मी काय परको? गावचोच मनीस मरे!"

"दादा, पान गावाचं आहे, तुझ्या खोल्यांचं नव्हे."

"आनी कॉम्प्युटर कोणाचो? फाल्यांसून माझ्या कॅफेत पाय घालू नाका!"

उद्यापासून मला बंदी, आणि गावात दुसरा सायबर कॅफे नाही. घाबरलो का? हो. मग सोडून देऊ? मुळीच नाही. उद्या पोदेराचा भोंपू वाजला की निघायचं, पणजीची बस धरायची आणि तिथल्या कॅफेतून पान उघडायचं. त्याने परत लिहिलेलं असलं, तर मी परत काढीन.