गोकर्णाचा अर्क आणि आईची अंडी

६ जून
लातूरहून नांदेड, पीएचडीच्या लॅबला, एसटीनं. मांडीवर आईच्या गावरान कोंबड्यांची चोवीस अंडी, भुश्शात. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, पिल्लं निघाली तर तिकीट काढावं लागंल." लॅब अटेंडंट रफिकभाईंनी एकेक अंडं उजेडासमोर धरून बघितलं. एकही तडकलेलं नाही. उबवणी यंत्रात त्यांनीच लावली.

८ जून
लातूर. मी शिकवते त्या क्लासची नवी बॅच, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तास झाल्यावर संचालक सरांनी बोलावलं. "पीएचडी आन् क्लास, दोन्ही जमायचं न्हाई. ऑगस्टपासून पूर्णवेळ या, सगळी बायलॉजी तुमच्याकडं." पंधरा जुलैला उत्तर हवंय.

१० जून
गावी. भूकंपानंतर मिळालेल्या घराच्या कुंपणावर गोकर्ण नुसता निळा झालाय. फुलं तोडता तोडता आई म्हणाली, "ह्यात नेमकं काय हाय गं?"
पेप्टाइड, म्हटलं. प्रोटीनचा बारका तुकडा. ह्यातला बांगडीसारखा गोल, टोक नाही म्हणून लवकर मोडत नाही. त्यानं विषाणू मरतो का, बघायचंय.
"मग बघ की. इचारायलीस कुणाला?"
पीएचडी की क्लास, हे मी विचारलंच नव्हतं.

१७ जून
नांदेड. क्लासला दांडी. बारा अंड्यांत नुसता विषाणू टोचला (कोंबड्यांच्या मानमोडीचा, लशीत असतो तो मवाळ). बारांत विषाणू + गोकर्णाचा अर्क.

२१ जून
अंड्यातला द्रव कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळला. विषाणू वाढला असेल तर पेशींचं जाळं पसरतं, नसेल तर तळाशी लाल टिकली बसते. अर्काच्या बाराही अंड्यांत टिकली. रफिकभाईंनी चहा सांगितला. मग नुसत्या विषाणूची अंडी बघितली. तिथंही टिकल्या. बाराच्या बारा.
चहा प्यालो तरी.

२२ जून
आईला फोन. कोंबड्यांना लस दिली होती का?
"दिली की, मानमोडीची. तुझ्या कामाची अंडी, म्हणून डॉक्टरला मुद्दाम बोलावलं."
लस घेतलेल्या कोंबडीच्या अंड्यात प्रतिकारशक्ती आधीच उतरलेली. विषाणू वाढणार कुठून? हसू आवरेना. आईला वाटलं रडतेय.

२४ जून
रफिकभाई भोकरला मामेभावाकडं जाऊन नवी अंडी घेऊन आले. "लस न्हाई, खात्री केली मॅडम. डॉक्टर त्या गल्लीत कधी फिरकलाच न्हाई."

८ जुलै
चार तारखेला टोचलेली अंडी आज तपासली. नुसता विषाणू: बाराही जाळी. जाळं इतकं देखणं असतं हे आज कळलं. अर्काची: आठ टिकल्या, चार जाळी.
गाइड बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "चांगलं आहे. पण हे पेप्टाइडनं झालं की फुलातल्या दुसऱ्या कशानं? ते वेगळं काढून दाखव. वर्ष जाईल."
वर्ष. तरी परत येताना बसमध्ये खिडकीशी गुणगुणत होते म्हणे, शेजारच्या बाईनं सांगितलं.

१४ जुलै
लातूर. तासाला ओघात गोकर्ण निघाला. तास सुटल्यावर एक मुलगी थांबली. "मॅडम, ते पेप्टाइडचं परीक्षेला येतं का?"
नाही, म्हटलं.
"असू द्या. सांगा."
अर्धा तास सांगितलं. दहा-बारा जणी थांबल्या होत्या. संचालक सर दारातून बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या साडेनऊला केबिनमध्ये या, ठरवून."
हो म्हटलं. नांदेडची गाडी सकाळी आठला आहे, पिशवी भरून ठेवलीय.